पासवर्ड बदलला, कार्ड बंद केले. पण ओळखपत्राची प्रत चोराच्या हाती आहे, तिचे काय करायचे? (एका चर्चामंचावरील संभाषण; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

उंबरठा

परवा सकाळी टपालाने एका वित्तसंस्थेचे पत्र आले. माझ्या कर्जाच्या अर्जावर एका ठिकाणी सही राहून गेली आहे, ती करून अर्ज परत पाठवावा, म्हणजे पुढची कार्यवाही करता येईल, असे त्यात अतिशय अदबीने लिहिले होते. मी कोणत्याही कर्जासाठी अर्ज केलेला नाही आणि या संस्थेचे नावही मी त्या दिवशी प्रथमच वाचले. नामसाधर्म्यामुळे काही गोंधळ झाला असावा असे समजून मी पत्र बाजूला ठेवणार होते, इतक्यात सोबत जोडलेल्या ओळखपत्राच्या प्रतीकडे लक्ष गेले. प्रतीच्या उजव्या कोपऱ्यातून खाली एक बारीक, तिरकी काळी रेघ गेलेली आहे. ती माझ्या जुन्या स्कॅनरच्या काचेवरच्या ओरखड्याची रेघ आहे. काही वर्षांपूर्वी भाड्याच्या घरासाठी मी जी प्रत ई-मेलने पाठवली होती, नेमकी तीच माझ्यासमोर होती.

अर्जावर नाव, पत्ता, जन्मतारीख, नोकरीचा तपशील, सगळे बिनचूक आहे. मोबाइल क्रमांक तेवढा माझा नाही. ई-मेलचा पत्ता माझाच दिला आहे, आणि तरीही त्या संस्थेकडून मला आजवर एकही ई-मेल आलेला नाही, हे मला चमत्कारिक वाटते.

आतापर्यंत मी ई-मेलचा पासवर्ड बदलला आहे आणि कार्ड बंद करून नवे मागवले आहे, कारण मागच्या महिन्याच्या विवरणात अगदी किरकोळ रकमेचे दोन व्यवहार होते, ज्यांच्याकडे मी तेव्हा दुर्लक्ष केले होते. घरच्यांचे म्हणणे असे की, पैसे गेलेले नाहीत, मग उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. मला ते पटत नाही. कार्डाचा क्रमांक बदलता येतो. जन्मतारीख, चेहरा आणि ओळखपत्राचा क्रमांक कसा बदलणार? एकदा बाहेर गेलेली ही माहिती घेऊन तो माणूस दहा वर्षांनीही माझ्या नावाने दुसरीकडे उभा राहू शकेल, असे मला वाटते. ही भीती अवाजवी आहे का, आणि नसल्यास आता कोणत्या क्रमाने काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जमाखर्च

मी एका बँकेच्या तक्रार विभागात बरीच वर्षे काम केले असून आता निवृत्त आहे. तुमची भीती अवाजवी नाही, मात्र ती चुकीच्या ठिकाणी केंद्रित झाली आहे. ओळखपत्राच्या प्रतीचा विचार उद्या करता येईल. आज ई-मेलकडे पाहा.

अर्जावर ई-मेल तुमचा आणि तरीही पत्रव्यवहार तुमच्यापर्यंत पोहोचला नाही, याचा सरळ अर्थ असा दिसतो की पत्रे आली, पण तुम्हाला दिसण्याआधी कोणीतरी ती बाजूला सारली. ई-मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फिल्टर’ किंवा ‘नियम’ या नावाचा विभाग उघडा आणि तिथे तुम्ही न केलेला एखादा नियम आहे का ते पाहा. त्याच्याच जवळ येणारी पत्रे आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सोय असते, तीही तपासा. त्यानंतर खाते परत मिळवण्यासाठी दिलेला पर्यायी ई-मेल आणि मोबाइल क्रमांक तुमचेच आहेत ना, कोणकोणत्या उपकरणांवर खाते उघडे आहे आणि कोणत्या बाहेरच्या अॅपना तुमची पत्रे वाचण्याची परवानगी दिलेली आहे, या गोष्टी एकेक करून पाहा. पासवर्ड बदलल्याने यातली प्रत्येक गोष्ट आपोआप रद्द होईलच असे नाही. घराचे कुलूप बदलले, पण मागचे दार उघडेच राहिले, असा प्रकार मी तक्रारींमध्ये फार वेळा पाहिला आहे.

ई-मेल आधी का, तर तुमच्या बाकीच्या जवळजवळ सर्व खात्यांचा पासवर्ड ‘विसरलो’ असे म्हटले की नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा तिथेच येतो. म्हणून ई-मेल ताब्यात येईपर्यंत इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्यात अर्थ नाही; तुम्ही बदलाल आणि तो शांतपणे पुन्हा बदलेल. हे काम शक्यतो दुसऱ्या, विश्वासातल्या उपकरणावरून करा. ई-मेलनंतर मोबाइल क्रमांक, त्यानंतर बँक आणि मग ही वित्तसंस्था, असा क्रम ठेवा. मोबाइल कंपनीला कळवून, तुमच्या क्रमांकाचे सिम किंवा कंपनी बदलण्याची विनंती आल्यास वेगळा पिन मागितला जाईल अशी व्यवस्था उपलब्ध आहे का, हे विचारा.

किरकोळ रकमेच्या त्या दोन व्यवहारांविषयी थोडे विषयांतर करतो, कारण लोक ते नेहमीच सोडून देतात. कार्ड क्रमांकातला शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला ताळ्याचा अंक असतो, आय.बी.एम.मधील हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी मांडलेली ती रीत आजही चालते. त्या ताळ्यावरून क्रमांकाची रचना बरोबर आहे एवढेच कळते, कार्ड चालू आहे की नाही ते कळत नाही. ते कळावे म्हणून चोर आधी अगदी लहान रक्कम काढून पाहतो. कोणाच्या नजरेत न भरणारी ती रक्कम हीच त्याची चाचणी असते, आणि कार्डधारकाने हरकत घेतली नाही की मोठा व्यवहार तरी होतो किंवा ‘चालू’ असा शेरा मारून ते कार्ड दुसऱ्याला विकले तरी जाते. म्हणून मोठी रक्कम गेली तरच सूचना यावी अशी मर्यादा अनेकांनी घालून ठेवलेली असते, ती काढून टाकावी आणि प्रत्येक व्यवहाराची सूचना घ्यावी.

आणि एक वही करा. कोणाशी, किती वाजता, काय बोलणे झाले आणि तक्रारीचा क्रमांक काय मिळाला, हे त्याच वेळी लिहून ठेवा. आर्थिक फसवणुकीत जबाबदारी कोणाची, हे ठरवताना ग्राहकाने किती लवकर कळवले याला बहुतेक ठिकाणी फार महत्त्व असते, आणि तोंडी कळवलेले सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

उंबरठा

आपण म्हणालात ते अक्षरशः खरे निघाले. नियमांच्या विभागात एकच नियम होता आणि तो मी केलेला नव्हता. विषयात किंवा मजकुरात ‘कर्ज’ हा शब्द अथवा त्या संस्थेचे नाव असलेले पत्र वाचलेले असल्याची खूण करून थेट जुन्या पत्रांच्या कप्प्यात टाकावे, असा तो नियम होता. त्या कप्प्यात सात पत्रे सापडली. पहिल्या पत्रात अर्ज मिळाल्याची पोच आहे; पाचव्यात अर्जदाराशी दूरध्वनीवरून बोलणे झाल्याचा उल्लेख आहे, म्हणजे माझ्या नावाने कोणीतरी बोललेसुद्धा आहे. शेवटच्या पत्रात, सहीचा कागद नोंदणीकृत पत्त्यावर टपालाने पाठवत आहोत, असे लिहिले आहे. तेवढे टपाल त्याला अडवता आले नाही. माझ्या घरात रोज कोणीतरी येऊन, माझी पत्रे उघडून, वाचून, पुन्हा नीट घडी घालून कपाटात ठेवून जात होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता, ही कल्पना मला पैशांच्या चोरीपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

नियम काढला आहे. पण काढण्याआधी त्याचे आणि सातही पत्रांचे छायाचित्र घेऊन ठेवले आहे. अनोळखी उपकरण एक होते, ते बंद केले. परंतु तो आत आला कसा, हे मला अजून कळलेले नाही. माझा पासवर्ड अकरा अक्षरांचा होता, त्यात अंक आणि चिन्हेही होती.

कुलूपकिल्ली

छायाचित्रे घेतलीत हे फार चांगले केले. पुष्कळ जण घाबरून आधी सगळे पुसून टाकतात. तो आत कसा आला याचे उत्तर शोधण्यासाठी मी एकच प्रश्न विचारते: तोच पासवर्ड, किंवा त्याच्या शेवटचा एखादा अंक बदलून केलेला पासवर्ड, तुम्ही दुसऱ्या कुठल्या खात्याला वापरला होता का?

मी संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात काम करते. पासवर्ड अंदाजाने ओळखला गेला अशी प्रकरणे मला क्वचित दिसतात. तो दुसरीकडून फुटला अशी प्रकरणे रोज दिसतात. कुठल्यातरी संकेतस्थळाची ग्राहकांची यादी चोरीला जाते आणि त्यातल्या ई-मेल व पासवर्डच्या जोड्या चोर यंत्राच्या साहाय्याने इतर शेकडो संकेतस्थळांवर लावून पाहतात. लिंक्डइनमधून २०१२ साली चोरीला गेलेल्या माहितीचे उदाहरण यासाठी बोलके आहे, कारण सुमारे ११ कोटी ७० लाख खात्यांचा तपशील चार वर्षांनी, म्हणजे २०१६ मध्ये, बाजारात विक्रीला आला. मधल्या चार वर्षांत ज्यांनी तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल, त्यांना आपण उघडे पडलो आहोत याची कल्पनाही नसणार. संगणक सुरक्षेचे जाणकार ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर आपला ई-मेल पत्ता घालून तो अशा कोणत्या ज्ञात चोऱ्यांमध्ये आला आहे ते पाहता येते. तिथे तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळेल.

अकरा अक्षरे, अंक आणि चिन्हे यांविषयी सांगायचे तर, जुना सल्ला आता जाणकारांनीच मागे घेतला आहे. चिन्हे घालावीत आणि दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलावा, हा सल्ला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेमुळे जगभर पसरला. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला आणि त्याच वर्षी संस्थेच्या नव्या मार्गदर्शिकेत, पासवर्ड फुटल्याचे दिसत नसताना ठरावीक मुदतीने तो बदलण्याची सक्ती करू नये, असे म्हटले गेले. कारण माणसाचा स्वभाव. सक्ती झाली की माणूस जुन्याच पासवर्डच्या शेवटी एक अंक वाढवतो, आणि चोरालाही ते ठाऊक असते. प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड असणे हेच खरे. मग तो लक्षात राहणार नाही, म्हणून पासवर्ड सांभाळणारे अॅप वापरावे.

या अॅपचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. ते पासवर्ड भरताना पानाचे रूप पाहत नाही, पत्ता पाहते. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल समोर आली तर माझे डोळे फसतील, पण अॅप गप्प बसेल, कारण त्याच्याकडे त्या पत्त्याची नोंदच नसेल. एरवी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर चिडून तो हाताने भरू नका, तिथेच थांबा. पत्ता स्वतः वाचायचा असेल तर आपण डावीकडून वाचायला लागतो आणि बँकेचे नाव सुरुवातीलाच दिसले की समाधान पावतो. खरा मालक कळतो तो पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधी असलेल्या नावावरून. त्याच्या डावीकडे टिंब देऊन कोणाचेही नाव लिहिता येते.

आता दुसऱ्या कुलपाविषयी, म्हणजे पासवर्डनंतर मागितल्या जाणाऱ्या संकेताविषयी. एसएमएसने येणारा संकेत (ओटीपी) काहीच नसण्यापेक्षा बरा. पण तो तुमच्या हातातल्या फोनशी बांधलेला नसून क्रमांकाशी बांधलेला असतो, आणि क्रमांक मोबाइल कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसवून दुसऱ्या सिमवर नेता येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तत्कालीन प्रमुख जॅक डॉर्सी यांच्या स्वतःच्या खात्यावरून भलताच मजकूर प्रसिद्ध झाला, तोही त्यांचा मोबाइल क्रमांक दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यामुळे. फोनवरचे नेटवर्क कारणाशिवाय एकाएकी गेले आणि ते परत येत नसेल, तर संध्याकाळपर्यंत वाट पाहू नये. संकेत तयार करणारे अॅप यापेक्षा चांगले. त्याची पद्धत २०११ मध्ये प्रमाणित झाली असून त्यातला संकेत सहसा दर ३० सेकंदांनी बदलतो. परंतु तोही तुम्ही खोट्या पानावर टाइप केलात, तर चोर त्या ३० सेकंदांत तो खऱ्या पानावर वापरू शकतो. ज्यांना हा प्रश्नच नको असेल त्यांनी पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा उपकरणाला जोडायची छोटी सुरक्षा किल्ली वापरावी. ती त्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असल्याने खोट्या पानाला तिच्याकडून काही मिळतच नाही. निदान ई-मेलला तरी ती लावाच, आणि खाते परत मिळवण्याचे राखीव संकेत कागदावर लिहून घरात ठेवा. हो, कागदावरच. दूरदेशीचा चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही.

दुसरी बाजू

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी माझा थोडा मतभेद नोंदवतो. आपण कुलपांची चर्चा फार करतो. माझ्या स्वतःच्या बाबतीत कुठलेही कुलूप फोडले गेले नव्हते. दार मीच उघडले.

मागच्या वर्षी मला बँकेतून बोलतो असे सांगणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. फोनवर दिसणारा क्रमांक बँकेचाच होता. त्यांनी माझे नाव, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि मी आदल्या दिवशी केलेली एक खरेदी सांगितली आणि माझ्या खात्यातून एक मोठा व्यवहार होऊ घातला आहे, तो थांबवायचा असेल तर आता येणारा संकेत त्यांना सांगावा, असे म्हणाले. संकेत आला आणि मी तो वाचू लागलो. सहापैकी चार अंक सांगून झाले होते. तेवढ्यात त्याच संदेशाच्या दुसऱ्या ओळीवर नजर गेली: ‘हा संकेत नवे उपकरण जोडण्यासाठी आहे’. मी थांबलो, तसा त्या गृहस्थांचा स्वर बदलला. आतापर्यंत अत्यंत सौजन्याने बोलणारा माणूस ‘लवकर सांगा, लवकर सांगा’ असे ओरडू लागला आणि त्या ओरडण्यामुळेच मी वाचलो.

या प्रसंगातून मी माझ्यापुरत्या काही गोष्टी ठरवल्या आहेत. फोनवर दिसणारा क्रमांक खोटा दाखवता येतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवायचा नाही. आपल्याविषयीची माहिती समोरच्याला आहे, यावरून तो बँकेचा माणूस आहे असे सिद्ध होत नाही. ती माहिती कुठून कुठून फुटते हे वर आलेच आहे. फोन ठेवायचा, कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक स्वतः फिरवायचा आणि मग विचारायचे. संकेताचा संदेश आला की अंकांच्या आधी तो कशासाठी आहे ते वाचायचे. आणि मदत करतो म्हणून स्क्रीन पाहू देणारे अॅप टाकायला सांगणाऱ्याशी एक शब्दही पुढे बोलायचे नाही.

‘मी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातला २०२४ साली समोर आलेला प्रकार वाचावा. तिथल्या एका कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराविषयी ई-मेल आला तेव्हा संशय आला होता. पण नंतरच्या व्हिडिओ बैठकीत वरिष्ठ अधिकारी आणि ओळखीचे सहकारी समोर दिसले आणि संशय मावळला. ते सगळे चेहरे आणि आवाज यंत्राने बनवलेले होते. एकूण १५ हस्तांतरांमध्ये सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. मला यात शिकण्यासारखे हे वाटते की पहिला संशय बरोबर होता; तो चोरानेच दिलेल्या पुराव्याने फेडून घेतला गेला. खातरजमा करायची ती समोरच्याने उघडलेल्या मार्गाने करायचीच नाही, आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या मार्गाने करायची. आमच्या घरात आम्ही एक शब्द ठरवला आहे. कोणाचाही, कितीही ओळखीच्या आवाजात, संकटात असल्याचा फोन आला तर तो शब्द विचारायचा. मुलांना हा खेळ वाटतो, वाटू द्या.

उंबरठा, तुम्हाला एक सावधगिरीची सूचना. एकदा फसवले गेलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. येत्या काही आठवड्यांत तुमच्या प्रकरणाचा तपास करतो, खोटे कर्ज रद्द करून देतो, थोडे शुल्क भरा, असे सांगणारा कोणीतरी तुम्हाला गाठण्याची शक्यता आहे. त्याला तुमच्या प्रकरणाची बरीच माहितीही असेल. अशा वेळी ती कुणाकडून आली असेल याचा विचार करा.

जमाखर्च

‘दुसरी बाजू’ यांनी सांगितलेल्या शेवटच्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. तक्रार विभागात असताना एकाच माणसाची दुसरी तक्रार आली की आम्हाला प्रथम तीच शंका येत असे.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे न बदलता येणाऱ्या माहितीकडे येतो. माझे मत असे की ती माहिती गुपित आहे असे मानणेच आता सोडून द्यावे. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या पतमाहिती (कोणी कर्ज घेतले आणि ते कसे फेडले याची नोंद) ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावे, जन्मतारखा आणि सरकारी क्रमांक गेले. ज्या त्रुटीतून ते गेले, तिची दुरुस्ती मार्चपासून उपलब्ध होती, पण तिथे ती बसवलेली नव्हती. त्या लोकांपैकी कोणाचीही त्यात काही चूक नव्हती. त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून चोरीला गेलेल्या माहितीत सुमारे ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे होते. बोटे तर कोणालाच बदलता येत नाहीत. तेव्हा ही माहिती परत मिळवण्याची आशा न धरता, ती जिथे वापरली जाईल तिथली दारे लावून घ्यावीत.

त्यांतले पहिले दार पतनोंदीचे. कर्ज देणारी संस्था सहसा अर्जदाराचा पतअहवाल पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. ज्या देशांत अशा नोंदी ठेवल्या जातात तिथे स्वतःचा अहवाल मागवता येतो, आणि अनेक ठिकाणी तो इतरांसाठी गोठवण्याची किंवा त्यावर फसवणुकीचा इशारा लावण्याची सोय असते. गोठवलेला अहवाल नव्या कर्जदात्याला दिसत नाही आणि त्यामुळे चोराचा अर्ज तिथेच अडतो. इक्विफॅक्समधील चोरीनंतर अमेरिकेत कायदा होऊन २१ सप्टेंबर २०१८ पासून ही सोय विनामूल्य झाली. इतरत्र नाव आणि पद्धत वेगळी असेल, पण विचारून पाहावे. पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या एकाहून अधिक असतात आणि एकीला कळवले की सगळ्यांना कळते असे गृहीत धरू नये. तुम्हाला स्वतःला कर्ज हवे असेल तेव्हा ते तात्पुरते उघडावे लागते, हा थोडा त्रास आहे. मला तो मंजूर आहे.

अहवाल हाती आला की फक्त कर्जांची यादी पाहून थांबू नका. ‘चौकशी’ या सदरात तुमचा अहवाल कोणकोणत्या संस्थांनी कधी मागवला याची नोंद असते. ओळखीची नसलेली चौकशी म्हणजे फेटाळला गेलेला किंवा अजून प्रलंबित असलेला अर्ज असू शकतो, आणि तुमच्या बाबतीत या एका संस्थेखेरीज आणखी कुठे अर्ज झाले आहेत का, हे तिथेच समजेल. तुमचा जुना पत्ता किंवा तो परका मोबाइल क्रमांक नोंदीत शिरला असेल तर तोही लेखी हरकत घेऊन काढून टाकायला लावा.

वित्तसंस्थेला लेखी कळवा की हा अर्ज तुमचा नाही. सोबत पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची प्रत जोडा, आणि अर्जाची, त्यासोबतच्या कागदपत्रांची व दूरध्वनी संभाषणाची नोंद जपून ठेवण्याची मागणी करा. पुढे कधी एखादे खोटे कर्ज खरोखरच मंजूर झालेले आढळले, तर वसुलीसाठी येणारा माणूस ‘सध्या थोडीशी रक्कम भरा, मग बघू’ असे सुचवतो. ती भरू नका. रक्कम लहान असते, पण भरणा केला म्हणजे कर्जाची कबुली दिली, असा अर्थ लावला जाण्याचा धोका असतो.

एक राहिलेच. घरातल्या लहान मुलांच्या आणि दिवंगत माणसांच्या नावाकडेही लक्ष असू द्या. दोघांच्याही नावाचा अहवाल सहसा कोणी मागवून पाहत नाही, आणि चोराला नेमके तेच हवे असते.

कुलूपकिल्ली

प्रतींविषयी थोडी पुस्ती जोडते. यापुढे ओळखपत्राची प्रत द्यावी लागली, तर तिच्यावर छायाचित्राच्या आणि क्रमांकाच्या आजूबाजूने, मजकूर वाचता येईल पण पुसता येणार नाही अशा बेताने, कोणाला, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते आडवे लिहावे. जो तपशील त्या कामाला लागत नाही तो झाकावा. मात्र संगणकावर झाकताना काळा चौकोन वर ठेवून फाइल तशीच पाठवू नका, कारण काही प्रकारच्या फाइलींमध्ये तो चौकोन उचलता येतो. छापून, झाकून, पुन्हा स्कॅन केलेली प्रत सुरक्षित. आणि ई-मेलच्या ‘पाठवलेली पत्रे’ या कप्प्यात जोडपत्रे शोधून जुन्या प्रती काढून टाका. चोराने तुमच्याकडून काही हिसकावून घेतले नाही. तुम्ही जे साठवून ठेवले होते, ते त्याने तिथे बसून चाळले.

उंबरठा

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल आणि आज मिळून हे झाले आहे.

कुलूपकिल्ली, आपला अंदाज बरोबर होता. ‘हॅव आय बीन पोन्ड’वर माझा पत्ता दोन चोऱ्यांमध्ये दिसला. त्यातले एक संकेतस्थळ मी कधीकाळी एकदाच वापरले होते आणि तिथला पासवर्ड शेवटचा अंक वगळता ई-मेलचाच होता. ‘पाठवलेली पत्रे’ चाळताना त्या एका ओळखपत्राची प्रत मी आजवर चौदा जणांना पाठवल्याचे दिसले. त्यांतल्या पाच जणांची नावे वाचूनही ते कोण होते हे आठवले नाही. प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात ती काळी रेघ आहे.

पतअहवालात आणखी एक अनोळखी चौकशी निघाली. तो अर्ज संस्थेने स्वतःच फेटाळला होता. दोन्ही ठिकाणी लेखी कळवले आहे, अहवाल गोठवला आहे, पोलिसांकडची तक्रार झाली आहे, वहीची सहा पाने भरली आहेत. ‘दुसरी बाजू’ यांनी सांगितलेला मदतीचा फोन अजून आलेला नाही, पण घरच्यांना सांगून ठेवले आहे. ‘जिवाला घोर लावून घेऊ नकोस’ म्हणणाऱ्यांनीच आता घरातला शब्द ठरवला.

ज्या संस्थेचे पत्र आले होते, तिचे उत्तर आज दुपारी मिळाले. माझी तक्रार त्यांनी नोंदवून घेतली असून चौकशी पूर्ण होईपर्यंत अर्जावर कार्यवाही होणार नाही. तक्रार करणारी व्यक्ती मीच आहे याची खात्री पटावी म्हणून, माझ्या ओळखपत्राची एक स्पष्ट, कोणतीही खूण नसलेली प्रत त्यांना ई-मेलने पाठवावी, अशी विनंती त्यांनी केली आहे.

जमाखर्च

पाठवू नका. मूळ ओळखपत्र घेऊन त्यांच्या कार्यालयात स्वतः जा, त्यांच्यासमोर दाखवा आणि खिशात परत ठेवा. कार्यालय फार दूर असेल तर आडवे लिहिलेली प्रत पोच-पावतीच्या टपालाने पाठवा आणि खूण नसलेली प्रत का दिली नाही, याची कारणे सोबत लेखी द्या. तारीख वहीत लिहायला विसरू नका.